बाळ, तिसरीतली मुलगी आणि सत्तरीतले सासरे : ऐकण्यात मेंदूचं काम किती?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "सासरे ७१ वर्षांचे. सातपूरला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांवर) नोकरी झाली. म्हणतात, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' मोठ्याने बोललं की 'ओरडू नकोस' म्हणून चिडतात. मुलगी तिसरीत आहे, घरी सगळं नीट ऐकते, पण शाळेतून 'लक्ष नसतं' अशी तक्रार येते. धाकटा पाच महिन्यांचा. जन्मल्यावर कावीळ फार वाढली म्हणून एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. दार आपटलं की दचकतो, हाक मारली की वळत नाही. सासूबाई म्हणतात, थांबा जरा, याचा बापही उशिराच बोलला. मेंदू आवाज कसा समजून घेतो, वयाप्रमाणे त्यात काय बदलतं, आणि आम्ही आधी कुणाकडे बघायचं?"

श्रवणतज्ज्ञ म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं सावकाश वाचा. बाळाची बेरा तपासणी (आवाज नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते बघणारी) याच आठवड्यात ठरवा. सासऱ्यांचे कान महिनाभर थांबू शकतात. मुलीची तपासणी सहामाही परीक्षा संपल्यावर केलीत तरी बिघडणार नाही. बाळाचं मात्र थांबवू नका. असं का म्हणते ते कळायला आवाज कानात शिरल्यावर पुढे काय होतं ते थोडं बघावं लागेल.

कानाचं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच मर्यादित आहे. हवेतली थरथर पडद्यावर येते, तिथून तीन इवल्याशा हाडांवर आणि मग आतल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात. हा शंख उलगडून सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. त्याच्या आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत १२,००० च्या आसपास रोमपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच, बारीक आवाज टिपतात आणि टोकाकडच्या पेशी खर्जातले आवाज टिपतात. आतल्या रांगेतल्या पेशी थरथरीचे विद्युत संदेश करून नसेकडे देतात. बाहेरच्या रांगांतल्या पेशी हळू आवाजाला आतल्या आत जोर देतात. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, त्यामुळे कोंबडी म्हातारपणीही बहुधा आपल्यापेक्षा बरं ऐकत असेल. आपल्याला मात्र जन्माच्या वेळी मिळालेल्या तेवढ्याच पेशींवर भागवावं लागतं.

नसेतून निघालेला संदेश मेंदूच्या देठात शिरतो आणि खरं काम तिथून सुरू होतं. सीबीएस बसस्थानकापाशी रस्ता ओलांडताना हॉर्न उजवीकडून आला की डावीकडून, हे तुम्हाला मान वळवायच्या आधीच कळतं. जवळच्या कानाला आवाज आधी पोचतो आणि दुसऱ्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा फरकावरून देठातली केंद्रं दिशा ठरवतात. पुढे संदेश मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसमध्ये आणि मग कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या श्रवण बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या ऐकण्याच्या भागात जातो. तिथे आवाजाचे स्वर, अक्षरं, शब्द, ओळखीचा गळा असे अर्थ लागायला लागतात. रहदारी उलट दिशेनेही चालते. मेंदूकडून शंखापर्यंत उतरणारे तंतू आहेत आणि काय ऐकायचं, काय सोडायचं यात त्यांचा हात असतो. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना पाळण्यातली कुरकुर आईला ऐकू येते आणि त्याच घरात पेपर वाचणाऱ्या बापाला येत नाही, यात कानाचा दोष बहुतेक वेळा नसतो.

मात्र आवाजाचा अर्थ लावणारी ही यंत्रणा जन्मतः तयार नसते. ती येणाऱ्या आवाजावरच घडते. तुमच्या घरातल्या तिन्ही तक्रारींची मुळं इथेच आहेत, म्हणून हे एवढं लांबवलं.

बाळापासून सुरुवात करू. पोटातल्या बाळाचा शंख साधारण २५व्या आठवड्यापासून काम करू लागतो आणि २८व्या आठवड्याच्या आसपास ते बाहेरच्या आवाजाला नियमित प्रतिसाद देतं. पोटातून उंच आवाज गाळले जातात, पण बोलण्याचा चढ-उतार आणि लय पोचते. आईचा आवाज हवेतून आणि तिच्या शरीरातूनही पोचतो. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीवर आईचा किंवा परक्या बाईचा आवाज लागेल अशी सोय केली. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली. २००९ मध्ये फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या नवजात बाळांचं रडणं मोजलं गेलं. फ्रेंच बाळांचा सूर बहुधा चढत जात होता, जर्मन बाळांचा उतरत होता. दोन्ही भाषांच्या बोलण्याची चाल तशीच आहे. म्हणजे बाळ जन्माला येतं तेव्हा त्याचा ऐकण्याचा अभ्यास अडीच-तीन महिने झालेला असतो.

नंतरच्या वर्षात जे घडतं त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या भाषांच्या घरातलं आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक व्यवस्थित कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही किंमत नव्हती. आपल्याकडे 'ताक' आणि 'टाक' यांत गोंधळ झाला तर जेवणाच्या ताटावर घोटाळा होईल, म्हणून मराठी बाळाचा मेंदू तो फरक जपून ठेवतो. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ' यांचंही तेच. वर्ष संपेपर्यंत मेंदूने ठरवलेलं असतं की कोणत्या फरकांकडे लक्ष द्यायचं आणि कोणते सोडून द्यायचे. नंतर शिकता येत नाही असं नाही, पण तेव्हा कष्ट पडतात.

आता विचार करा, या वर्षभरात कानातून आवाजच पुरेसा आला नाही तर? मेंदू रिकामा बसत नाही. श्रवण बाह्यकाचा काही भाग डोळ्यांनी आलेल्या माहितीकडे वळायला लागतो. कॉक्लियर इम्प्लांट (शंखात बसवून नसेला थेट विद्युत संदेश देणारं यंत्र) केलेल्या मुलांच्या मेंदूचे प्रतिसाद मोजणाऱ्या अनु शर्मा यांच्या कामातून हे स्पष्ट दिसलं. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांचे प्रतिसाद काही महिन्यांत वयाच्या बरोबरीला आले. सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांचे आले नाहीत, यंत्र तेच असूनही. म्हणूनच आमच्या व्यवसायात १-३-६ चा नियम आहे: महिन्याभरात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू. तुमचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. हिशेब तुमच्या लक्षात आला असेल.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल दोन शब्द. काही मुलं खरंच उशिरा बोलतात, हे त्यांचं बरोबर आहे. पण उशिरा बोलणारं आणि कमी ऐकणारं बाळ सहा महिन्यांपर्यंत वरून सारखंच दिसतं. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला 'आ, ऊ' करतं, हसतं, नजर देतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या दहापैकी नऊ मुलांचे आईवडील चांगले ऐकणारे असतात, त्यामुळे 'आमच्या घरात कुणाला नाही' हाही पुरावा नव्हे. (नात्यातलं लग्न, म्हणजे मामाच्या मुलीशी वगैरे, झालेलं असेल तर तपासणीत तेवढं न लाजता सांगा. आनुवंशिक बहिरेपण त्यात जास्त दिसतं.)

दार आपटल्यावर दचकणं ही खात्री नाही. दार आपटताना फरशी हादरते, हवेचा झोत येतो, आणि मध्यम दोष असलेलं बाळही मोठ्या दणक्याला दचकतंच. कावीळ झालेल्या बाळात तर आणखी एक पेच असतो. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, फार वाढलं तर ते शंखापेक्षा श्रवणनस आणि देठातल्या केंद्रांना त्रास देतं. रोमपेशी ठणठणीत, पण पुढे जाणारे संदेश एका ठेक्यात जात नाहीत. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. इथे आवाज 'येतो', पण विस्कटलेला येतो. घोटाळा असा की प्रसूतिगृहात जी झटपट चाळणी होते, ओएई, ती फक्त रोमपेशी तपासते. ती 'पास' येते, घरचे निश्चिंत होतात आणि दोन वर्षांनी 'बोलत का नाही' म्हणून येतात. एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाला म्हणूनच बेरा लागते. तुमच्या फाईलमध्ये ओएईचा कागद असेल तर तो पुरेसा नाही.

बेरा म्हणजे काय ते सांगते, कारण बहुतेक आया मशीन बघूनच घाबरतात. बाळ आईच्या मांडीवर किंवा खाटेवर गाढ झोपलेलं असतं. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे बिल्ल्याएवढ्या चकत्या चिकटवतात. सुई नाही, शॉक नाही. कानात मऊ टोकाची नळी आणि त्यातून टक-टक-टक असा आवाज, सेकंदाला वीस-तीस वेळा. प्रत्येक टकेनंतरच्या दहा मिलिसेकंदांत नसेपासून देठापर्यंत उठणाऱ्या लाटा पडद्यावर दिसतात. माझी नजर पाचव्या लाटेवर असते. मोठ्यांत ती साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांना येते, नवजात बाळात सातच्या आसपास, कारण तंतूंवरचं आवरण अजून पुरतं बसलेलं नसतं. दीड-दोन वर्षांपर्यंत ती मोठ्यांच्या वेळेवर येते. आम्ही आवाज कमी-कमी करत जातो आणि कुठपर्यंत लाट टिकते ते बघतो. न्यूरोपथीत पहिल्या क्षणी शंखाचा प्रतिसाद ठसठशीत दिसतो आणि पुढे लाटांच्या जागी नुसती सपाट रेघ. तो आलेख एकदा बघितला की विसरता येत नाही.

असं काही निघालं तरी लगेच धीर सोडू नका. कावीळीमुळे झालेल्या न्यूरोपथीत काही बाळांचे प्रतिसाद पहिल्या वर्षात सुधारतात, म्हणून बेरा पुन्हा-पुन्हा करतात आणि इम्प्लांटचा निर्णय घाईने घेत नाहीत. पण तोवर भाषा थांबवायची नाही. डोळ्यांना दिसेल असं बोलणं, हातवारे, खुणा, भारतीय सांकेतिक भाषासुद्धा. 'खुणा शिकवल्या तर बोलणार नाही' हा समज चुकीचा आहे. मेंदूला भाषा हवी असते, ती कुठल्या वाटेने आली याबाबत तो आपल्याइतका हट्टी नसतो. खर्चाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या अडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण धरलेलं आहे. चौकशी जिल्हा रुग्णालयातून सुरू करा.

तपासणी ठीक आली तरी एक सांगते. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. काही बाळांशी माणसं प्रत्यक्ष खेळत-बोलत होती, काहींना तेच पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. माणसांकडून ऐकलेली बाळं ते ध्वनी शिकली, बाकीच्यांना काहीच लागलं नाही. मोबाईलवर बडबडगीतं लावून बाळ शांत बसतं हे खरं, पण त्यातून भाषा शिकतं असं मानून फोन देऊ नका. सासूबाईंनी 'अडगुलं मडगुलं' म्हणत पाय चोळले तर त्यात जे आहे ते फोनमध्ये नाही.

आता मुलीकडे. घरी ऐकते, शाळेत नाही, हे ऐकल्यावर मी 'लक्ष नाही' असं एकदम म्हणणार नाही. मेंदूचा देठ दोन-तीन वर्षांत मोठ्यांसारखा होतो, पण गोंगाटातून एक आवाज निवडण्याचं कौशल्य बाह्यकाच्या भरवशावर असतं आणि ते पौगंडावस्थेपर्यंत पिकत राहतं. तुम्ही शब्दाचा अर्धा भाग हुकला तरी उरलेला भरून काढता, कारण तुमच्याकडे शब्दांचा साठा आहे. आठ वर्षांच्या मुलीकडे तो साठा अजून जमतोय. तिला बाईंचा आवाज गोंगाटाच्या बराच वर हवा असतो. आता वर्ग डोळ्यांसमोर आणा: पत्रा किंवा उघडा स्लॅब, खडखडणारे पंखे, बाहेर रिक्षा, साठ मुलं, आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वर्गात भिंतींवरून परत येणाऱ्या घुमण्यामुळे तेवढा उतरत नाही, पण त्या घुमण्याने अक्षरं एकमेकांवर चढतात, जे जास्त वाईट. रिकाम्या वर्गाचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत असावा अशी शिफारस आहे. आपल्याकडे पंखा लावला की तेवढा एकट्या पंख्याचाच होतो.

तिच्यासाठी ऐकण्याची साधी तपासणी आणि टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का याची मोजणी) करून घ्या. सर्दी वारंवार होत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी असतं तेव्हा ऐकणं कमी-जास्त होत राहतं आणि घरचे म्हणतात, 'मनात असलं की बरोबर ऐकते.' हे वाक्य माझ्याकडे इतक्या वेळा येतं की ऐकलं की मी आधी टिंपॅनोमेट्रीचं बटण दाबते. कान स्वच्छ निघाले तर गोंगाटातल्या बोलण्याची वेगळी चाचणी करता येते. दरम्यान बाईंना विनंती करून दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. त्याने अर्धं काम होतं.

मधल्या पिढीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नाशिकमध्ये राहून ढोलाबद्दल बोलले नाही तर उत्तर अपुरं राहील. मला स्वतःला नाशिक ढोल आवडतो, गणपतीच्या मिरवणुकीत वाकडी बारवेपाशी उभी राहते, तेव्हा उपदेश म्हणून हे सांगत नाही. हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास कानाला झेपतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. पथकात ढोल-ताशांच्या मध्ये उभं राहणाऱ्याचा हिशेब सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी संपतो. दुसऱ्या दिवशी कान सुन्न, कुईं असा आवाज, आणि तिसऱ्या दिवशी 'बरं वाटलं'. २००९ मध्ये शारॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की या 'बऱ्या' झालेल्या कानांत रोमपेशी शाबूत असल्या तरी त्यांचे नसेशी असलेले जोड कायमचे तुटलेले असतात. ऑडिओग्रॅम, म्हणजे कुठल्या सुरात किती ऐकू येतं याचा आलेख, सरळ येतो आणि तरी गर्दीत बोलणं कळायला जड जातं. माणसात नेमकं किती होतं यावर अजून वाद आहे, पण मी वादाच्या निकालाची वाट न बघता पथकातल्या मुलांना कानात प्लग घालायला सांगते. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचे किंवा वादकांसाठी मिळणारे प्लग घ्यायचे. ताशाचा ठेका त्यातूनही चोख ऐकू येतो.

आता तुमचे सासरे. त्यांचं 'ऐकू येतं पण कळत नाही' हे वाक्य कुठल्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा अचूक आहे. प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं उभं राहिलेल्यांच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो आणि वय वाढतं तशी त्याच्या पुढची सगळी उतरंड घसरते. खालचे सूर मात्र बरे राहतात. स्वर, म्हणजे आ, ई, ओ, खालच्या सुरात आणि जोरात असतात. स, श, ख, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच सुरात आणि हळू असतात. स्वरांमुळे बोलणं ऐकू येतं, व्यंजनांमुळे ते कळतं. खोलीत बसवून मी शब्द म्हणते आणि समोरच्याने तो परत म्हणायचा, अशी एक चाचणी असते. 'सात' म्हटलं, आजोबा म्हणतात 'हात'. 'खात' म्हटलं, 'हात'. 'भात' म्हटलं, 'हात'च. शेवटी त्यांनाच हसू येतं: 'काय ताई, आज सगळे हातच आहेत का?' मग आवाज वाढवला तर उत्तर सुधारेल असं वाटतं. थोडं सुधारतं आणि मग एकदम कपाळाला आठी पडते.

ती आठी म्हणजे 'ओरडू नकोस'. बाहेरच्या रांगेतल्या रोमपेशी गेल्या की हळू आवाजाला मिळणारा जोर जातो. मोठ्या आवाजाला त्या जोराची गरज नसते, त्यामुळे तो जसाच्या तसा मोठा लागतो. ऐकू येण्याची सुरुवात वर सरकली, सहन होण्याची मर्यादा तिथेच राहिली. मधली पट्टी अरुंद झाली. त्यांना चिडचिडे म्हणू नका, तुम्ही त्यांच्या पट्टीच्या बाहेर बोलताय.

हे झालं कानाचं. मेंदूही वय मानतो. देठातल्या केंद्रांचा वेळेचा नेमकेपणा सैल होतो. अनावश्यक आवाज दाबून ठेवणारा गॅबा नावाचा रासायनिक ब्रेक ढिला पडतो. त्यामुळे आलेख बरा असलेल्या साठीपुढच्या माणसालाही लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं कळत नाही. कमतरता भरून काढायला मेंदूचा पुढचा भाग, जो एरवी विचार आणि आठवण सांभाळतो, तो ऐकण्याच्या कामाला लागतो. अंदाज बांधण्यात म्हातारी माणसं तरुणांपेक्षा कमी नसतात, उलट शब्दसाठा दांडगा असल्याने बरेचदा वरचढ असतात. म्हणून हरिपाठ, ओळखीचे अभंग, जुन्या मित्राचं बोलणं यांत तुमच्या सासऱ्यांना फारशी अडचण येत नसेल. अडचण येते ती नव्या नावात, फोनवर आलेल्या आकड्यात, सुनेने स्वयंपाकघरातून टाकलेल्या अर्ध्या वाक्यात. दिवसभर असा अंदाज बांधून माणूस थकतो. संध्याकाळी पाहुणे आले की आत जाऊन पडून राहतो आणि घरचे म्हणतात, 'हल्ली विसरायला लागलेत.' जे पोचलंच नाही ते आठवणार कसं?

आता विसरभोळेपणाचा प्रश्न येतोच, तो सरळ घेते. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मोजली, त्यात ऐकण्याचा दोष वरच्या क्रमांकावर आहे. पण कानाचं मशीन लावलं की स्मृतिभ्रंश टळतो का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह या अमेरिकन चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक तीन वर्षं होते. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर मशीनने बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माझा सल्ला यावरून असा: ऐकू यावं, बोलता यावं, घरात वावरता यावं म्हणून मशीन घ्या, आणि 'हे घ्या, म्हणजे डिमेन्शिया होणार नाही' असं सांगून विकणाऱ्याकडून घेऊ नका.

मशीनबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ते चष्म्यासारखं आहे. चष्मा लावला की अक्षर त्या क्षणी स्पष्ट दिसतं. कानाच्या मशीनचं तसं नाही. वर्षानुवर्षं ज्या मेंदूला 'स' आणि 'ख' मिळाले नाहीत त्याला ते अचानक मिळाले की आधी ते नुसते कचकच वाटतात. पेपरची घडी, ताटांची आदळआपट, नळाचं पाणी, पंखा, सगळं अंगावर येतं. पहिल्या आठवड्यात घरात, शांत खोलीत, दोन-तीन तास. मग वाढवत न्या. साधारण महिना-दोन महिन्यांत मेंदू पंख्याला पुन्हा पाठीमागे टाकायला शिकतो. ज्यांची मशीन कपाटात पडून आहेत, त्यांतले बरेच जण पहिल्याच आठवड्यात एकदम मेन रोडला खरेदीला गेलेले असतात. दोन्ही कानांना दोष असेल तर दोन मशीन घ्या, दिशा कळायला दोन्ही कान लागतात. आणि कुरिअरने येणारं, एकाच मापाचं, 'आवाज वाढवणारं' यंत्र त्यांच्या अरुंद पट्टीला घातक आहे. मशीनचा आवाज त्यांच्या आलेखाप्रमाणे बसवलाय की नाही, हे कानात बारीक नळी घालून मोजायची पद्धत आहे. ती मोजणी मागून घ्या.

त्यांच्याशी बोलताना: समोर या, उजेड तुमच्या चेहऱ्यावर असू द्या, टीव्ही बंद करा, आधी 'बाबा' म्हणून हाक मारा आणि मग विषय काढा. आवाज वाढवू नका, वेग कमी करा. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. आणि तपासणीआधी कानात मळ आहे का ते बघून घ्या, काही वेळा निम्मी तक्रार तिथेच निघते. एका कानाने अचानक, रात्रीतून ऐकू येईनासं झालं तर मात्र ते वय समजून घरी बसू नका. त्यात लवकर स्टिरॉइड सुरू झालं तर ऐकणं परतण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

बाळाच्या बेरासाठी येताना एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड आणा, त्यात बिलिरुबिनचे आकडे असतात आणि रक्त बदललं होतं का तेही लिहिलेलं असतं. सकाळी त्याला लवकर उठवा, वाटेत रिक्षात झोपू देऊ नका आणि दूध इथे आल्यावरच पाजा, म्हणजे चकत्या लावल्यावर ते गाढ झोपेल. अंघोळ घाला, पण त्या दिवशी टाळूला, कपाळाला आणि कानांमागे तेल लावायचं नाही. तेलावर चकत्या चिकटत नाहीत. हे सासूबाईंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.